रांगणेकर सरांची घंटी

"सूड ही माणसाने घडवलेली सर्वांत उदात्त कला आहे. गाणं, शिल्प, नाटक वगैरे किरकोळ गोष्टी लोकांनी सूड घेऊन उरलेल्या वेळात काढल्या," असं मी उजवा हात उंच करून जाहीर केलं, आणि त्या हातातल्या कटवड्याचा कट माझ्या कोपरापर्यंत ओघळत आला.

"आधी बाही पूस," नाझनीन म्हणाली. "मग घे काय घ्यायचाय तो सूड."

ही गोष्ट कोल्हापुरातल्या आमच्या संशोधन केंद्राच्या कँटीनमधली. आता तिला बरीच वर्षं झाली, पण तो कट अजून माझ्या नाकात आहे. नवं औषध बाजारात येण्याआधी ते थोड्या माणसांना देऊन बघायचं आणि त्यांचं काय होतं ते इमानेइतबारे लिहून ठेवायचं, हा आमचा उद्योग. नाझनीन मुजावर आणि मी दोघंही फार्मासिस्ट. म्हणजे औषधशास्त्रात पीएचडी केलेले फार्मासिस्ट. म्हणजे ज्यांना डॉक्टर म्हणावं की नाही यावर समाजाचं अजून एकमत झालेलं नाही, त्या जमातीतले.

हात थरथरण्याच्या आजारावर एक नवी गोळी तेव्हा आमच्याकडे चाचणीला आली होती. भरती त्याच आठवड्यात बंद व्हायची होती. त्या सकाळी कोण पेशंट येणार ते नाझनीनने मला नुकतंच सांगितलं होतं. त्र्यंबक रांगणेकर, राहणार मिरज.

"दुसरा कुणी रांगणेकर असेल," मी म्हणालो होतो.

"सेवानिवृत्त फिजिशियन, असंही आहे पुढे."

त्यावर मी दुसरा कटवडा मागवला होता.

"आवटी, मी ओळखते तुला," नाझनीन आता म्हणाली. "त्यांच्याशी मी बोलते. तू लांब राहा."

"आज समजावणीची पाळी माझी आहे."

"बदलू की."

"पाळी बदलता येत नाही. नियम आहे."

"कधी केला?"

"आत्ताच."

तिने चहाचा कप खाली ठेवला. नाझनीन कप खाली ठेवते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. "काय करणार आहेस त्यांचं?"

"काही नाही गं. आज तो माणूस कॅमेऱ्यासमोर मला 'डॉक्टर आवटी' म्हणेल. तेवढं एक झालं की झालं. आणि सगळी माहिती स्वतःच्या शब्दांत सांगता आली तर आत, नाही आली तर मिरज. एसटी दर थोड्या वेळाने आहेच."

"नियमाबाहेर एक पाऊल टाकलंस तर केंद्राच्या नीतिसमितीकडे तुझी तक्रार मी स्वतः करणार."

"नियमाच्या आतच ऐसपैस जागा आहे," मी म्हणालो आणि बाही पुसली.

हा सूड कशाचा, ते सांगायला मिरजेला जावं लागेल. तिथल्या चंपाबाई ट्रस्ट हॉस्पिटलात फार्मासिस्टांसाठी एक पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप निघाली होती. पीएचडी झालेल्या औषधवाल्यांना घ्यायचं, आणि पेशंट, चाचण्या, नीतिनियम यांत घोळवून त्यांचे संशोधक करायचे, अशी योजना. पहिल्या तुकडीत आम्ही दोघंच होतो, नाझनीन आणि मी. घरी हे समजावताना माझी दमछाक झाली. जतला आमची खानावळ. वडील गल्ल्यावरून म्हणाले, "पीएचडी झाली ना? मग आणखी काय शिकायचं राहिलं? नापास झालास का?" सासऱ्यांचा प्रश्न अधिक व्यवहारी होता. "म्हणजे डॉक्टर?" "तसं नाही." "म्हणजे केमिस्ट?" "तसंही नाही." "मग दुकान कुठे टाकणार?"

या फेलोशिपचे प्रमुख डॉ. रांगणेकर. उंच, गोरे, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले, आवाज असा की स्टेथोस्कोप नसता तरी चाललं असतं. पहिल्याच दिवशी मी "मी डॉक्टर बसवराज आवटी" अशी ओळख करून दिली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मिस्टर आवटी, या इमारतीत डॉक्टर हा शब्द पेशंट वापरतात. आणि तो माझ्यासाठी."

मग त्यांनी माझ्या खिशातलं पेन काढून हजेरीवर सही केली आणि ते पेन स्वतःच्या खिशाला लावून राउंडला गेले. ते पेन मला पुन्हा दिसलं नाही. ही त्यांची सवयच होती. हॉस्पिटलातल्या सगळ्या पेनांचा प्रवास शेवटी एकाच खिशाकडे होई. नर्सबाई पेनाला दोरा बांधून तो टेबलाला ठोकून ठेवत. सर दोरा तोडत.

चाचणीत माणूस घेण्याआधी त्याला सगळं समजावून सांगून त्याची संमती घ्यावी लागते. हे समजावणं आम्हाला शिकायचं होतं, आणि आम्हाला ते अजिबात येत नव्हतं. मी एका आजोबांना "हे डबल ब्लाइंड आहे" असं सांगितलं, तर ते म्हणाले, "नको बाबा, एका डोळ्यानं तरी दिसतंय, ते असू दे." तेव्हा मी जतहून खानावळीतली पितळी घंटी घेऊन आलो. बोटभर दांड्याची, वाढप्याला हाक मारायची घंटी. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने समजवायचं, आणि पेशंटला न कळणारा शब्द तोंडातून गेला की पेशंटने घंटी हलवायची, असा खेळ आम्ही दोघांनी काढला. नाझनीन हुपरीची आक्का व्हायची. पदर खोचून बसायची, आणि मी "प्रोटोकॉल" म्हटलं रे म्हटलं की असली घंटी वाजवायची की शेजारच्या वॉर्डात लोकांना जेवण आल्यासारखं वाटे.

महिनाभरात आम्ही असे बोलायला लागलो की खरी हुपरीची आक्कासुद्धा मान डोलवील. एक दिवस रांगणेकर सर दारात उभे राहून ऐकत होते. आत आले, नाझनीनला खुर्चीवरून उठवलं, घंटी हातात घेतली, आणि म्हणाले, "पेशंटला पहिल्या अक्षरालाच भीती वाटते, हे लक्षात घ्या."

हे वाक्य माझं होतं. मीच त्यांना आदल्या आठवड्यात जिन्यात सांगितलं होतं.

पुढे घंटी त्यांच्याकडेच राहिली. मी किती पेशंटांना आधी किती कळायचं आणि घंटीनंतर किती कळतं, याचा वर्षभर अभ्यास केला. सर तो दिल्लीला परिषदेत घेऊन गेले. टाळ्या पडल्या. 'रांगणेकर घंटी पद्धत' असं तिचं बारसं झालं. शेवटच्या स्लाइडवर आभार होते: 'औषध भांडाराचे सहकार्य'. औषध भांडार म्हणजे मी. फेलोशिप संपल्यावर हैदराबादच्या एका कंपनीने माझ्याबद्दल चौकशी करायला सरांना फोन केला, तेव्हा मी त्यांच्याच केबिनमध्ये फायली लावत होतो. सरांनी क्षणभर आठवायचा प्रयत्न केला.

"मिस्टर आवटी? हो, हो. वेळेवर येतात."

एवढं बोलून फोन ठेवला. हैदराबादला त्यापेक्षा थोडं जास्त हवं होतं.

सर पुढे पुण्याला मोठ्या जागेवर गेले. जाताना घंटीही घेऊन गेले. खानावळ बंद करताना वडिलांनी "आपली घंटी कुठाय रे?" असं विचारलं होतं, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तर अशी ही पार्श्वभूमी. कोल्हापूरला आल्यावर मी महाद्वार रोडवरून तशीच घंटी घेतली होती आणि आमच्या समितीकडून दोन नियम मंजूर करून घेतले होते. एक, पेशंटने सगळं स्वतःच्या साध्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय त्याला चाचणीत घ्यायचं नाही. दोन, ही सगळी बैठक कॅमेऱ्यात टिपायची आणि तिच्यातला एक क्षणही नंतर कापायचा नाही. पेशंटच्या हितासाठी, असं मी समितीला सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या दोन नियमांच्या मध्ये, पाचर मारल्यासारखी, एक खुर्ची मी एका विशिष्ट माणसासाठी रिकामी ठेवलेली होती, आणि तो माणूस त्या दिवशी सकाळी आमच्या फाटकातून आत आला.

मी खिडकीतून पाहत होतो. सर वाळले होते. कपडे पांढरेच, पण आतला माणूस एक नंबर लहान झालेला. दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गच्च धरलेले. बरोबर त्यांच्या पत्नी, शालिनीबाई, हातात मोठी पिशवी. मी टेबलावर घंटी मांडली, आमच्या सुतार नावाच्या कॅमेरावाल्याला खूण केली, आणि चेहरा कोरा केला. पहिलं वाक्य मी वर्षानुवर्षं घासून ठेवलं होतं: 'मी डॉक्टर आवटी. आपण मला काय म्हणणार?'

दार उघडलं. सरांनी सुताराकडे पाहून मान लववली.

"नमस्कार, डॉक्टर."

सुतार दचकला. "मी कॅमेरावाला आहे, काका."

"असू दे, डॉक्टर. मी कुठे बघू? इकडे?" मग माझ्याकडे वळले. "अरे! मिरजेचे आवटी ना तुम्ही? डॉक्टर आवटी! ओळखलं मी. डॉक्टर, बसलं तर चालेल ना?"

ज्या एका शब्दासाठी मी दोन नियम, एक समिती आणि अर्धं आयुष्य खर्ची घातलं होतं, तो त्यांनी चपला काढता काढता देऊन टाकला. आणि तोही सुताराच्या नंतर.

"हे असंच चाललंय हल्ली," शालिनीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "खालच्या वॉचमनलापण डॉक्टर म्हणाले. त्याने हाताला धरून जिन्यापर्यंत आणून सोडलं, बिचारा."

दारापाशी उभी राहून नाझनीन हे बघत होती. तिने माझ्याकडे बघून भुवया अशा वर केल्या की जणू झालं ना, आता सोड. ती मला ओळखते म्हणाली होती ते खोटं होतं. मी सोडणार नव्हतो. शब्द गेला होता, पण घंटी उरली होती.

मी ती उचलून त्यांच्यासमोर ठेवली.

"अहो," शालिनीबाई म्हणाल्या, "आपल्या शोकेसमध्ये आहे की असलीच!"

"असलीच," मी म्हणालो.

सर घंटीकडे बघत राहिले.

मी माहिती सांगितली. सावकाश, साध्या मराठीत, एकही शब्द अडखळू न देता. आजार काय, औषध काय, धोका काय, घरी कधीही निघून जायची मुभा कशी. मिरजेत शिकलो होतो त्याहून चांगली. मग म्हणालो, "आता सर, आपल्याला जे कळलं ते आपल्या शब्दांत सांगा. आजारापासून सुरू करा. आणि अवघड शब्द आला तर मी ही वाजवीन. पद्धत आपल्या परिचयाची आहेच."

त्यांनी घसा साफ केला. तो जुना आवाज, अर्ध्या वॉर्डाला पुरेल असा, पुन्हा आला.

"मला बायलॅटरल पोश्चरल—"

टण.

"बरं. दोन्ही अप्पर लिम्ब्जमध्ये—"

टण.

"अहो, लिम्ब कुणाला कळत नाही?"

"हुपरीच्या आक्कांना, सर."

दारातून नाझनीनच्या खोकल्याचा आवाज आला.

"इसे—"

टण.

"शब्द पुरा तर होऊ दे!"

"पेशंटला पहिल्या अक्षरालाच भीती वाटते," मी म्हणालो. "हे लक्षात घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं असावं. मिरजेतल्या सगळ्या काळात नसेल पाहिलं इतकं. मग डाव्या हातातल्या रुमालाने कपाळ टिपू लागले, आणि रुमाल कपाळावर एका जागी ठरेना.

"आजार राहू दे. चाचणीत काय होणार ते सांगतो. पेशंटांचे दोन गट, रँडम—"

टण.

"चिठ्ठ्या टाकून!" ते जवळजवळ ओरडले. "चिठ्ठ्या टाकून दोन गट करणार."

हे बरोबर होतं. माझा हात घंटीवर हवेतच राहिला. बरोबर उत्तराइतका सुडाचा विचका दुसरं काही करत नाही.

"पुढे?"

"एका गटाला औषध. दुसऱ्याला प्लासि—"

टण. ही मी जरा लांबवली.

"अहो, पिठाची गोळी म्हणा की सरळ!" शालिनीबाई म्हणाल्या.

"बाई, त्यांनी सांगायचंय. तुम्ही नाही."

"पिठाची गोळी," सर म्हणाले. "तशीच दिसणारी, तशीच लागणारी. कुणाला कुठली ते घेणाऱ्याला माहीत नसतं." ते थांबले. आवाज खाली आला. "आणि देणाऱ्याला, आवटी? देणाऱ्याला माहीत असतं ना? म्हणजे तुम्हाला कळत असेल. थोडं तरी."

अख्ख्या बैठकीत मी या प्रश्नाची वाट पाहत होतो, हे मला तो आल्यावर कळलं. खुर्चीत मागे टेकलो. वाक्य शक्य तेवढं सावकाश म्हणालो.

"नाही, सर. देणाऱ्यालाही कळत नाही. आपल्याला पिठाची गोळी मिळाली तर मला पत्तासुद्धा लागणार नाही. आपल्या बाबतीत मी काहीही करू शकत नाही."

त्यांनी मान हलवली. हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं होतं. म्हणजे, मी त्यांना शिकवलेलं त्यांनी आम्हाला शिकवलेलं.

"समजलं," ते म्हणाले.

"नुसतं समजलं म्हणून भागत नाही. आजार अजून राहिलाय. आपल्याला काय झालंय? साध्या शब्दांत. ते सांगता आलं नाही तर मला 'कळलेलं नाही' असं नोंदवावं लागेल. मग ॲडव्हर्स इव्हेंटचा प्रश्नच—"

मी थांबलो. उशीर झाला होता.

सरांचे डोळे चमकले. मिरजेच्या वर्गात चमकायचे अगदी तसेच. 'ॲडव्हर्स इव्हेंट' म्हणजे औषधाने काही वाईट झालं तर. हा शब्द वर्गात मी दहा वेळा चुकून वापरला होता आणि दहाही वेळा त्यांनी मला पकडलं होतं. त्यांनी पाठीमागे धरून ठेवलेला उजवा हात पहिल्यांदा सगळ्यांसमोर बाहेर काढला, टेबलावरून पुढे नेला, आणि घंटी उचलली.

टण, वाजली. मग पुन्हा वाजली. मग वाजतच राहिली.

ते वाजवत नव्हते. हात थरथरत होता आणि घंटी आपली आपण वाजत होती, भरभर, आरतीच्या शेवटी वाजते तशी. त्यांनी ती खाली ठेवायचा प्रयत्न केला, तर टेबलाच्या कडेवर आपटून दुप्पट वाजली. दुसऱ्या हाताने धरू गेले, तर तोही तसाच. शालिनीबाईंनी पिशवी घट्ट धरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागल्या. सुताराने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. वॉर्डातली एक नर्स दारात येऊन "कुणी बोलावलं का?" असं विचारून गेली.

"हे," रांगणेकर सर म्हणाले. घंटीचा आवाज चालूच होता, त्यामुळे त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. "हे झालंय मला. कळलं?"

मी उठून माझ्या मुठीत घंटी आणि त्यांचा हात दोन्ही धरले. आवाज बंद झाला. हात आतल्या आत हलत राहिला, पाखरू धरल्यासारखा.

"पेशंटची नाडी बघायला हात धरला," ते आता हळू बोलत होते, "की पेशंट विचारायचे, सर, तुम्हालाच ताप आलाय का? एकदा एकीच्या दंडात सुई टोचायची ती... राहू दे ते. दवाखाना बंद केला. लोकांना सांगितलं, पुरे झालं, आता नातवंडांत रमणार. मला नातवंडं नाहीत." त्यांनी श्वास घेतला. "चहा बशीत ओतता येत नाही. सही करता येत नाही. बटणं ही लावते. जिथे जाईन तिथे सगळ्यांना डॉक्टर म्हणतो. एवढ्यांतला एखादा तरी खरा निघेल."

खोलीत एकही अवघड शब्द नव्हता. वाजवायला काही नव्हतं.

दारातून नाझनीन म्हणाली, "आवटी."

नुसतं नाव. मी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या कागदावर एकच रकाना भरायचा होता, 'स्वतःच्या शब्दांत सांगता आले' की 'सांगता आले नाही'. दुसरा पर्याय मी किती वर्षं मनातल्या मनात भरून पाहिला होता म्हणून सांगू. शाईचा रंगसुद्धा ठरलेला होता. पण नियम माझेच होते. माणसाने सांगितलं होतं, आणि इतकं स्वच्छ सांगणारा पेशंट त्या खुर्चीत आजवर आला नव्हता. मी 'सांगता आले' वर खूण केली. एवढी जोरात केली की खालच्या पानावर उमटली.

"सही इथे," मी म्हणालो, आणि माझं पेन पुढे केलं.

त्यांना सहीला वेळ लागला. अक्षरं रकान्यातून निघून शेजारच्या मजकुरावर चढली, तिथून समासात उतरली. पुढे कुणी ती सही तपासली असती तर तिला सही म्हणण्याऐवजी सांगली जिल्ह्याचा नकाशा म्हणाला असता. पण ती पुरी झाली. शालिनीबाईंनी साक्षीदार म्हणून आपली केली, गोल, शाळेतल्यासारखी.

आणि मग सर सावरले. कसे सावरले ते विचारू नका. काही माणसांच्या पाठीच्या कण्यात एक वेगळी स्प्रिंग असते. हात पुन्हा पाठीमागे गेले, मान ताठ झाली, आणि ते थेट कॅमेऱ्याकडे वळले.

"उत्तम! अतिशय उत्तम समजावणी. एक गोष्ट नोंदवून ठेवतो. या दोघांना हे सगळं मी शिकवलंय. ही घंटीची पद्धत माझी. मिरजेत मी काढली. चांगल्या हातात सोपवली याचं आज समाधान वाटतं." मग माझ्याकडे वळून, मोठ्या मनाने: "पूर्वीपण चांगलं होतं तुमचं, आवटी. वेळेवर यायचात."

नाझनीनने तोंडाला ओढणी लावली. तिचे खांदे हलत होते, रडण्याने नव्हे.

"सर," सुतार मला कुजबुजत म्हणाला, "शेवटचं एवढं कापू का? ते काय आपल्या कामाचं नाही."

"एक सेकंदही कापायचा नाही," नाझनीन दारातून म्हणाली. "नियम आहे. आवटी सरांनीच केलाय. बरीच वर्षं जपून ठेवायचं असतं ते."

म्हणजे दिल्लीत निदान पडद्यावर माझं औषध भांडार तरी होतं. आता माझ्या केंद्रात, माझ्या कॅमेऱ्यात, माझ्या नियमाने कुलूपबंद होऊन, ती घंटी रांगणेकरांची म्हणून कायमची नोंदली गेली होती. आणि साक्षीला त्यांच्या पत्नीची सही.

ते निघाले. शालिनीबाईंनी पिशवी खांद्याला लावली. सरांनी सुताराला "येतो, डॉक्टर" म्हटलं, नाझनीनला "येतो, डॉक्टर" म्हटलं, कॉरिडॉरमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईंनाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "या हां, सावकाश, ओलं आहे."

मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो. सगळं घशाशी आलं होतं. दिल्ली, हैदराबाद, भांडार, मिस्टर. खानावळीच्या गल्ल्यावरून वडिलांनी विचारलेला तो प्रश्न. पुण्याहून मिरजेला परत आणलेली, त्यांच्या शोकेसमध्ये काचेआड बसलेली आमची घंटी. ती मागायची हीच वेळ होती. पुन्हा अशी मिळणार नव्हती. नाझनीननेही ते ओळखलं असावं, कारण ती हसायची थांबली आणि बाजूला सरकून मला वाट दिली.

"सर!" मी हाक मारली.

माझा आवाज एवढा मोठा निघाला की फरशी पुसणाऱ्या बाई थांबल्या. सर जिन्यापाशी थांबले, सावकाश वळले. शालिनीबाई वळल्या. कॉरिडॉरमधले बाकावरचे पेशंट माना वर करून बघायला लागले. रांगणेकर सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर खरंच भीती दिसली. त्यांचे हात पाठीमागे होते, तरी कोपरं हलत होती.

मी तोंड उघडलं. त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे माझं लक्ष गेलं.

"सर," मी म्हणालो, "पेन तेवढं."